विश्लेषण : दुधाच्या डब्यावर बाळाचा फोटो का नसतो? कोण होत्या डॉ. सिसिली विल्यम्स?

भिवंडी तालुक्यातील दापोडे, वळ, पूर्णा, माणकोली हा पट्टा आता भातशेतीपेक्षा गोदामांसाठी ओळखला जातो. मुंबई-ठाण्यात मोबाइलवर केलेली ऑर्डर दुसऱ्या दिवशी दारात येते, त्यामागे या पट्ट्यातील गोदामांचा मोठा हात असतो. कपडे, किराणा, औषधे, डायपर असे सगळे इथून जाते. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरचा डबा ऑर्डर केला, तर तोही अशाच एखाद्या गोदामातून निघालेला असू शकतो.

हा डबा एकदा नीट पाहा. बिस्किटाच्या पुड्यावर गुटगुटीत मूल असते, साबणाच्या वेष्टनावर हसणारी आई असते. दुधाच्या पावडरच्या डब्यावर मात्र बाळाचा किंवा आईचा फोटो नसतो. उलट आईचे दूधच बाळासाठी सर्वोत्तम आहे, असे ठळक अक्षरांत छापलेले असते. कोणतीही कंपनी आपल्या मालाच्या डब्यावर, याच्यापेक्षा चांगली गोष्ट तुमच्याकडे आधीच आहे, असे स्वतःहून सांगत नाही. कायद्याने तिला ते सांगावे लागते.

हा कायदा भारतात १९९२ मध्ये झाला. पण त्यामागच्या लढ्याचा एक धागा १९३९ च्या सिंगापूरमधल्या एका भाषणापर्यंत जातो. ते भाषण करणाऱ्या डॉक्टर म्हणजे सिसिली विल्यम्स. त्यांनी काय पाहिले, काय मांडले आणि आज मोबाइलवरून दूध पावडर मागवणाऱ्या घरांशी त्याचा काय संबंध, ते जाणून घेऊया.

जमैका ते ऑक्सफर्ड

सिसिली डेल्फीन विल्यम्स यांचा जन्म २ डिसेंबर १८९३ रोजी जमैकातील वेस्टमोरलँड परगण्यात झाला. कुटुंब पिढ्यान् पिढ्या तिथे स्थायिक झालेल्या इंग्रज मळेवाल्यांचे. तेराव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यात आले. एकोणिसाव्या वर्षी ऑक्सफर्डच्या सोमरव्हिल कॉलेजात प्रवेश मिळाला. पण नैसर्गिक आपत्तींमुळे घरची घडी विस्कटली होती. त्यामुळे प्रवेश लांबणीवर टाकून त्या जमैकाला परतल्या. १९१६ मध्ये वडिलांचे निधन झाले. त्यानंतर वयाच्या २३ व्या वर्षी त्या पुन्हा ऑक्सफर्डला पोहोचल्या.

तेव्हा पहिले महायुद्ध सुरू होते. तरुण मुलगे आघाडीवर गेल्याने वैद्यकीय शिक्षणाच्या जागा रिकाम्या होत्या आणि म्हणून मुलींना दार उघडले गेले. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधून १९२३ मध्ये सिसिली डॉक्टर झाल्या. युद्ध संपल्यावर मात्र पुरुष डॉक्टर परतले आणि महिला डॉक्टरांना नोकरी मिळणे अवघड झाले. अखेर १९२९ मध्ये ब्रिटिश वसाहत सेवेत नेमणूक मिळाली, ती पश्चिम आफ्रिकेतील गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानाला. पदाचे नाव होते महिला वैद्यकीय अधिकारी. काम पुरुष डॉक्टरांएवढेच, पगार मात्र कमी.

आयांनी सांगितलेले आजाराचे नाव

आक्रा शहरातील मुलांच्या रुग्णालयात त्यांच्यासमोर एकाच प्रकारची लेकरे वारंवार येऊ लागली. वय साधारण एक ते चार वर्षे. हातपाय सुजलेले, कातडी सोललेली, केस तांबूस आणि विरळ, चेहरा मलूल. यातली बरीच मुले दगावत. डॉक्टर मंडळी या आजाराला पेलाग्रा हा जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार समजत होती.

विल्यम्स यांनी एक साधी गोष्ट केली. स्थानिक आया आणि परिचारिका या आजाराला काय म्हणतात, हे विचारले. उत्तर आले, क्वाशिओरकोर. तिथल्या गा भाषेतील या शब्दाचा अर्थ, पाठचे भावंड आल्यावर दूर सारल्या गेलेल्या मुलाचा आजार. आजाराचे कारण नावातच सांगितलेले होते. आईला दुसरे मूल झाले की पहिले अंगावरून सुटते, त्याच्या वाट्याला मक्याची पेज येते आणि मूल सुजू लागते.

१९३३ मध्ये त्यांनी या आजारावर शोधनिबंध लिहिला. आहारातील प्रथिनांची उणीव हे कारण असू शकते, ही शक्यता मांडली. ज्येष्ठ तज्ज्ञांनी ती फेटाळली. १९३५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी पुन्हा लिहिले आणि या वेळी शीर्षकातच क्वाशिओरकोर हा शब्द वापरला. तो शब्द आज जगभरातील वैद्यकीय पुस्तकांत आहे. आजाराच्या कारणांवर पुढे आणखी संशोधन झाले, चित्र अधिक गुंतागुंतीचे निघाले. पण आफ्रिकेतील हा आजार म्हणजे पेलाग्रा नव्हे, हे त्यांचे म्हणणे टिकले. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणी अहवालाने त्याची व्याप्ती दाखवून दिली.

त्यांच्या वाट्याला मात्र आधी बदली आली. वरिष्ठांशी मतभेद झाले आणि १९३६ मध्ये त्यांना मलायाला पाठवण्यात आले.

सिंगापूरमधील पांढऱ्या कपड्यातल्या बायका

मलाया आणि सिंगापूरमध्ये प्रश्न उलटा होता. आफ्रिकेत दूध सुटल्यानंतर मुले आजारी पडत होती. इथे आईचे दूध सुरू असतानाच ते बंद केले जात होते.

त्या काळी दूध कंपन्या पांढऱ्या गणवेशातील महिलांना बाळंतिणींकडे पाठवत. दिसायला त्या नर्स. काम मात्र साखर घातलेले कंडेन्स्ड दूध विकण्याचे. हे दूध बाळासाठी उत्तम, आधुनिक घरात हेच देतात, असे त्या पटवून देत. बाळंतिणीला वाटे, दवाखान्यातल्या बाई सांगताहेत म्हणजे खरेच असणार.

साखरेने गोड केलेले हे दूध तान्ह्या बाळाचे अन्न नव्हते. त्यात साखर प्रचंड होती. साय काढलेल्या दुधापासून केलेल्या प्रकारात तर अ आणि ड जीवनसत्त्वेही जवळपास नसत. ब्रिटनमध्ये साय काढलेल्या कंडेन्स्ड दुधाच्या डब्यावर, हे बाळांसाठी योग्य नाही, असे छापावे लागे. वसाहतीत मात्र बाळाचे दूध म्हणून कंडेन्स्ड दुधाचा प्रचार होत होता.

विल्यम्स यांच्यासमोर बाटलीवर वाढलेली, जुलाबाने सुकलेली, कुपोषित बाळे येत होती.

‘मिल्क अँड मर्डर’ भाषणात काय होते?

१९३९ मध्ये सिंगापूर रोटरी क्लबने त्यांना भाषणासाठी बोलावले. क्लबचे अध्यक्ष हे दुधाचे पदार्थ विकणाऱ्या एका बड्या कंपनीचेही प्रमुख होते. विल्यम्स यांनी भाषणाला नाव दिले ‘मिल्क अँड मर्डर’, म्हणजे दूध आणि खून.

त्यांचा मुद्दा सरळ होता. चुकीचा प्रचार करून बाळाला आईच्या दुधापासून तोडले जाते आणि त्यातून बाळ मरते, तर त्या मृत्यूकडे खून म्हणूनच पाहायला हवे. यात दोष गरीब आईचा नाही. ज्याला परिणाम ठाऊक आहेत, तरीही जो नफ्यासाठी हा प्रचार करतो, तो जबाबदार आहे.

एका सरकारी डॉक्टरने, त्यातही एका महिलेने, व्यापाऱ्यांनी भरलेल्या सभागृहात हे बोलणे त्या काळात सोपे नव्हते. भाषण तेव्हा फारसे पसरलेही नाही. पुस्तिकेच्या रूपात ते आले १९८६ मध्ये, मलेशियातील पेनांग इथे काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय ग्राहक संघटनेमार्फत. तोवर ४७ वर्षे उलटली होती.

बाटलीचे गणित कसे फसते?

विल्यम्स यांचा विरोध पावडरच्या किंवा डब्याच्या अस्तित्वाला नव्हता. ज्या पद्धतीने तो विकला जात होता, त्याला होता. हे समजून घेण्यासाठी आईच्या दुधाचे साधे शास्त्र पाहावे लागेल.

दूध मागणीनुसार तयार होते. बाळ जितके ओढेल, तितके दूध उतरते. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत थोडासाच, पिवळसर चीक येतो. बाळाला तो पुरतो आणि त्यात रोगांशी लढणारे घटक भरपूर असतात. पण घरच्यांना वाटते, दूध येतच नाही. नेमक्या याच वेळी कुणी फुकट डबा हातात ठेवला, तर बाळाचे पोट वरच्या दुधाने भरते. ते अंगावर कमी ओढते. कमी ओढले की दूध कमी तयार होते. आठवडा-दोन आठवड्यांत आईला खरोखरच दूध पुरेनासे होते.

तोवर फुकटचा डबा संपलेला असतो. पुढचे डबे विकत आणावे लागतात. महागडा डबा जास्त दिवस पुरावा म्हणून मापाच्या चमच्याऐवजी अर्धाच चमचा पडतो. पाणी उकळलेले नसते, बाटली नीट धुतलेली नसते. बाळाला जुलाब लागतात, वजन घटते. आईच्या दुधात संसर्गाशी लढणारे जे घटक असतात, त्यांचे संरक्षणही गेलेले असते.

म्हणूनच फुकट नमुना ही भेट नसते, ती विक्रीची पहिली पायरी असते. पुढे वैद्यकतज्ज्ञ डेरिक जेलिफ यांनी अशा प्रकाराला व्यापारातून निर्माण झालेले कुपोषण, या अर्थाचा शब्द दिला. विल्यम्स आणि जेलिफ यांनी माता-बाल आरोग्य सेवेवर मिळून पुस्तकही लिहिले.

चांगीच्या छावणीतील २० बाळे

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने मलायावर हल्ला केला. विल्यम्स तेव्हा पूर्व किनाऱ्यावरील तेरेंगानू इथे होत्या. तिथून त्या कशाबशा सिंगापूरला पोहोचल्या, पण फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूरही पडले. पुढची साडेतीन वर्षे कैदेत गेली, त्यातली पहिली चांगीच्या तुरुंगात.

महिलांच्या छावणीत त्या पुढारी म्हणून काम पाहत होत्या. जपानी लष्करी पोलिसांनी त्यांना अनेक महिने चौकशीसाठी डांबून ठेवले. मरणाच्या दारातील कैद्यांसोबत त्यांना कोंडले होते. आमांश आणि बेरीबेरी या आजारांनी त्यांचे शरीर खंगले.

त्याच कैदेतील एक नोंद त्या नंतर आवर्जून सांगत. छावणीत २० बाळे जन्मली. आया स्वतः अर्धपोटी होत्या. पावडर नव्हती, बाटली नव्हती. वीसही बाळांना अंगावरचे दूध मिळाले आणि वीसही जगली.

आई अशक्त आहे, तिला दूध कुठून येणार, ही शंका आजही घराघरांत ऐकू येते. तिचे उत्तर या नोंदीत आहे. आईला पोटभर खायला मिळालेच पाहिजे, पण ती अशक्त दिसते म्हणून बाळाचे दूध तोडणे हा उपाय नाही.

जागतिक आरोग्य संघटनेत

युद्धानंतर, १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना स्थापन झाली. तिच्या माता व बाल आरोग्य विभागाच्या पहिल्या प्रमुख म्हणून विल्यम्स यांची नेमणूक झाली. लवकरच त्या दक्षिण-पूर्व आशियातील कामासाठी जिनिव्हा सोडून निघाल्या. पुढे लंडनमध्ये आणि बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात त्यांनी शिकवले. शेवटपर्यंत त्यांचा आग्रह एकच होता. उपचार आणि प्रतिबंध वेगळे करू नका, आईला दटावू नका, तिच्याकडून शिका.

दरम्यान दुधाच्या पावडरचा बाजार आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेत पसरत गेला. १९७४ मध्ये ब्रिटनमधील वॉर ऑन वाँट या संस्थेने या विक्रीवर पुस्तिका काढली. तिच्या जर्मन अनुवादाचे शीर्षक थेट नेस्लेचे नाव घेणारे होते, त्यामुळे कंपनीने स्वित्झर्लंडमध्ये बदनामीचा खटला भरला. १९७६ मध्ये कार्यकर्त्यांना किरकोळ दंड झाला, पण प्रश्न जगभर पोहोचला. १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्लेच्या मालावर बहिष्कार सुरू झाला.

२१ मे १९८१ रोजी जागतिक आरोग्य परिषदेने आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या मालासाठी आंतरराष्ट्रीय आचारसंहिता मंजूर केली. बाजूने ११८ देश, विरोधात एकटी अमेरिका, तीन देश तटस्थ. जाहिरात नको, फुकट नमुने नकोत, आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटी नकोत, आयांशी कंपनीच्या प्रतिनिधीने थेट संपर्क नको. सिंगापूरमध्ये पांढरे कपडे घालून फिरणाऱ्या विक्रेत्या बायकांवर ४२ वर्षांनी जगाने बंदी घातली. तेव्हा विल्यम्स ८७ वर्षांच्या होत्या.

भारतात आणि महाराष्ट्रात काय झाले?

भारताने १९८३ मध्ये स्वतःची राष्ट्रीय संहिता स्वीकारली. पण संहिता म्हणजे विनंती, मोडली तरी शिक्षा नाही. कायदा हवा होता. संसदेत त्यासाठी खासगी विधेयक मांडणाऱ्यांत उत्तर मुंबईचे तत्कालीन खासदार राम नाईक होते. सरकारने पुढे स्वतःचे विधेयक आणले आणि डिसेंबर १९९२ मध्ये शिशु दुग्ध पर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या व शिशु आहार यांच्या नियमनाचा कायदा झाला. १ ऑगस्ट १९९३ पासून तो लागू झाला. २००३ च्या दुरुस्तीने तो आणखी कडक झाला.

मुंबईत त्याआधीच एक वेगळे पाऊल पडले होते. नोव्हेंबर १९८९ मध्ये शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली. वेळेआधी जन्मलेल्या, आईचे दूध मिळू न शकणाऱ्या बाळांना दुसऱ्या मातांनी दिलेले, तपासून निर्जंतुक केलेले दूध मिळू लागले. दूध नाही म्हणजे लगेच डबा, याला सार्वजनिक रुग्णालयाने दिलेले हे उत्तर होते.

सिसिली विल्यम्स यांचे निधन १३ जुलै १९९२ रोजी ऑक्सफर्डमध्ये झाले, वयाच्या ९८ व्या वर्षी. भारताचा कायदा त्यांना पाहता आला नाही. तो त्याच वर्षाच्या शेवटी झाला.

कायदा नेमके काय सांगतो?

• दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीची दूध पावडर, शिशु आहार आणि दूध पाजण्याच्या बाटल्या यांची जाहिरात करता येत नाही. यात इलेक्ट्रॉनिक माध्यमही आले.

• फुकट नमुने, भेटवस्तू किंवा खप वाढवण्यासाठी कोणतेही आमिष देता येत नाही.

• अनाथालये वगळता कुणालाही हा माल दान देता येत नाही.

• डॉक्टर, परिचारिका किंवा त्यांच्या कुटुंबीयांना भेटी, पैसे देता येत नाहीत. परिषदा, अभ्यासक्रम, संशोधन यांचे प्रायोजकत्वही कंपनीला करता येत नाही.

• दूध पावडरच्या डब्यावर बाळाचे किंवा स्त्रीचे चित्र नको. आईचे दूध सर्वोत्तम असल्याची सूचना हवी. आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्यानेच वापरावे, हेही लिहायला हवे.

• कंपनीच्या कर्मचाऱ्याचा पगार किंवा कमिशन या मालाच्या खपावर ठरवता येत नाही.

जाहिरात, नमुने, भेटी यांवरील बंदी मोडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्यायला हवी. कायद्याने पावडर विकण्यावर किंवा वापरण्यावर बंदी नाही. आई दगावली असेल, गंभीर आजारी असेल, बाळाला वैद्यकीय कारणाने गरज असेल, तर योग्य प्रकारे बनवलेले पावडरचे दूध बाळाला जगवते. ते देणाऱ्या आईला अपराधी वाटण्याचे कारण नाही. हा निर्णय मात्र बाळाची गरज पाहून डॉक्टरने सुचवलेला असावा, विक्रेत्याने नव्हे.

आता पांढरे कपडे कुठे आहेत?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशात सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बाळे निव्वळ आईच्या दुधावर होती. जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर पाजल्या गेलेल्या बाळांचे प्रमाण मात्र ४१.८ टक्केच. म्हणजे प्रसूती रुग्णालयात होऊनही पहिला महत्त्वाचा तास अनेकदा निसटतो.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२२ मध्ये आठ देशांतील ८,५०० पालक आणि गर्भवतींच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील ५१ टक्के जणांपर्यंत पावडर कंपन्यांचा प्रचार पोहोचला होता. त्या आठ देशांत भारत नव्हता. पण प्रचाराचे मार्ग आपल्यालाही ओळखीचे आहेत. समाजमाध्यमांवरील प्रभावी चेहरे, पालकांचे गट, सल्ला देणारी ॲप. गणवेश गेला, पद्धत तीच राहिली. विकणारा सल्लागार बनून येतो.

मोबाइलवर बाळाच्या आहाराचा सल्ला वाचताना म्हणूनच एक प्रश्न विचारावा. सांगणाऱ्याला यातून काही मिळते का? दवाखान्यात कुणी फुकट डबा दिला, दुधाच्या पावडरवर कुणी भेटवस्तू देऊ केली, तर तो कायद्याचा भंग असू शकतो. त्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. दूध पुरत नसल्याची शंका असेल, तर दुकानात जाण्याआधी आशा सेविका, परिचारिका किंवा बालरोगतज्ज्ञांना विचारावे. बाळाला धरण्याची, पाजण्याची पद्धत सुधारली तरी अनेकदा प्रश्न सुटतो.

दापोडेतील आईचे काय?

केवळ सल्ल्याने मात्र भागत नाही. गोदामांत सामान लावणाऱ्या, पॅकिंग करणाऱ्या महिलांसारख्या कामगार आयांपुढे खरा प्रश्न वेळेचा असतो. बाळ घरी, आई पाळीवर. अशा वेळी डबा ही निवड नसते, नाइलाज असतो.

कायद्यात याचाही विचार आहे. वर्षभरात किमान ८० दिवस काम केलेल्या पात्र महिलेला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. कामावर परतल्यावर बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुट्टी मिळायला हवी. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील, तर पाळणाघराची सोय हवी. ठेकेदाराकडे हजेरीवर काम करणाऱ्या महिलेपर्यंत या सोयी पोहोचतात का, यावर तिच्या बाळाचे दूध अवलंबून असते.

विल्यम्स यांनी आईला कधी दोष दिला नाही. आईच्या आणि बाळाच्या मध्ये कोण उभे आहे, हे त्या पाहत राहिल्या. आक्रामध्ये ती मक्याची पेज होती, सिंगापूरमध्ये नर्सच्या वेशातील विक्रेती. दापोडेच्या गोदामातून निघालेल्या डब्यावरची सूचना याच नजरेतून आली आहे. मात्र ती सूचना वाचणाऱ्या आईला बाळाला जवळ घ्यायला वेळ मिळाला, तरच तिचा उपयोग.